‘पाआलाम’ म्हणजे परवानगी की नुसतं सांगणं?

वाळूतला_पांडू (धागाकर्ता):
दुबईत आमच्या ऑफिसात परवा एक फिलिपिनो सहकारी मॅनेजरला सांगून तासभर आधी निघाली. मॅनेजर तापला: ‘लीव्ह मागितली कुठे, नुसतं कळवलंस!’ ती म्हणाली, मी ‘पाआलाम’ केलं होतं. माझ्या मते ती बरोबर आहे. ‘लीव्ह’ या नामाचा जुना अर्थच मुळी परवानगी. ‘सोडून जाणे’ हे क्रियापद निराळ्या मुळाचं. तगालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या भाषेत, रजा मागणं आणि निरोप घेणं, दोन्हीला ‘पाआलाम’. आपणही साहेबाकडे रजा मागतो आणि सभेत सगळ्यांची रजा घेतो, तसंच.

कडू_कारलं:
असहमत. ‘पाआलाम’मधला ‘आलाम’ म्हणजे माहीत असणं. म्हणजे कळवणंच झालं ना? परवानगीला ‘पाहिन्तुलोत’ हा सरळ शब्द आहे. होकाराला ‘पायाग’. गाडी चालवायला ‘लिसेन्स्या’, हा स्पॅनिशमधून आलेला. फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षांचं राज्य होतं स्पेनचं. इतके शब्द असताना बाईंनी नेमका सोयीचा उचलला.

वाळूतला_पांडू:
मुळावर जायचं तर ‘रजा’ आणि ‘राजी’ अरबीत एकाच धातूचे. तुमचा साहेब राजी होऊन रजा देतो का? तिकडे पोरगं उंडारून आलं की पहिला प्रश्न, ‘नागपाआलाम का बा सा नानाय मो?’ आईला विचारून गेला होतास का? ‘घरी सांगून आलायस ना?’ असं आपणही विचारतो, तेव्हा त्या ‘सांगून’मध्ये आईचा होकार धरलेलाच असतो.

माजघर:
मी कुंपणावर. आमच्याकडे पाहुणा उठताना ‘येऊ का?’ विचारतो. पायात चप्पल सरकवलेली असते, रिक्षा खाली उभी असते, आणि विचारतोय परवानगी! ‘नाही, बसा’ म्हटलं तर पंचाईत. तिकडे रानात वारुळापाशी ‘ताबी-ताबी पो’ म्हणतात, म्हणजे जरा बाजूला व्हा जी. वारुळात ‘नुनो’ नावाचा अदृश्य म्हातारा राहतो अशी समजूत. उत्तराची वाट कोण बघतं? पण न म्हणता गेलं तर तो कोपतो.

कडू_कारलं:
नुनो पगार कापत नाही, माजघरताई. मॅनेजर कापतो.

वाळूतला_पांडू:
कापला. अर्ध्या दिवसाचा. निघाली होती फक्त एक तास आधी.