'आठवतंय' की 'माहीत आहे': बटणावर काय लिहू?

खडीसाखर: मेंदूवरच्या एका प्रयोगाच्या सूचना मराठीत करतेय. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालून बसलेल्या माणसाला आधी शब्दांची यादी दाखवतात, मग तेच शब्द नव्यांत मिसळून. शब्द मघाचा वाटला तर दोन बटणं: 'रिमेंबर' आणि 'नो' (know, नकाराचा नव्हे). मानसशास्त्रज्ञ टुलविंगने 1985 मध्ये मांडलेला भेद. पहिलं, तो शब्द पाहिल्याचा क्षणही आठवतो; दुसरं, पाहिल्याची नुसती खात्री. मी 'आठवतंय' आणि 'माहीत आहे' केलं. आत्याला बसवलं तर तिने सरसकट 'माहीत आहे'. म्हणे, "पेरू माहीत नसायला काय झालं मला?"

चकवाचांदण: 'प्रत्यभिज्ञा' घ्या, म्हणजे आधी पाहिलेलं पुन्हा ओळखणं. 'तोच हा देवदत्त.' न्यायशास्त्रातला तयार शब्द सोडून खुळखुळे कशाला?

पारावरचा: आत्या टोपी काढून घरी जातील.

चकवाचांदण: सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना?

पारावरचा: महापौरांना हार घालता येतो हो. आणि 'तोच हा' म्हणायला आधीचा देवदत्त आठवावा लागतो. म्हणजे दोन्ही बटणं एकातच आली!

निशाचर: लग्नाच्या पंगतीत समोर एक गृहस्थ. चेहरा पक्का ओळखीचा, कोण ते आठवेना. जिलबी वाढली तेव्हा कळलं, आमच्या डॉक्टरांचे कंपाउंडर! मानसशास्त्रज्ञ मँडलरचं बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं उदाहरण हेच: चेहरा ओळखीचा, पण कोण ते आठवेना. ईईजीतही, म्हणजे त्या टोपीने टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींत, ओळखीची खूण शब्द दिसल्यावर कपाळाकडे साधारण 300 ते 500 मिलिसेकंदांत दिसते, तपशील आठवल्याची नंतर, डावीकडे मागच्या बाजूला. कपाळाकडची खूण नेमकी कशाची, यावर संशोधकांतही जुंपलेली आहे. मी 'ओळखीचं वाटतंय' लिहीन.

खडीसाखर: तेही केलं. आत्या म्हणाली, "पेरू ओळखीचाच आहे." शिवाय पुढे 'आठवण तयार होताना' असं वाक्य आहे, तेही खटकतंय.

निशाचर: खटकणारच. आठवण 'येते', तयार होते ती लाडवाची कणीक. 1998 मध्ये एफएमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) दिसलं की शब्द वाचतानाच मेंदूचा डावा पुढचा भाग आणि हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणींशी निगडित मेंदूच्या भागाच्या, शेजारचा भाग जास्त सक्रिय असेल, तर तो शब्द पुढे ओळखला जाण्याची शक्यता जास्त. याला मराठीत 'लक्षात राहणं' आहेच की.

सावंतवाडीकर: आमच्याकडे 'उगडास'. मनाचं दार उघडतं, म्हणून.

चकवाचांदण: उच्चार जुळला की व्युत्पत्ती होत नाही! 'सय' पाहा: स्मृती, प्राकृतात 'सइ', मग सय.

पारावरचा: लिहा मग बटणावर, 'पेरूची सय येते'.

सावंतवाडीकर: सय माहेराची येते. आजी जात्यावर म्हणायची.

खडीसाखर: आत्या सुचवतेय, 'मघाशी कधीतरी पाहिलंय'.

चकवाचांदण: 'मघाशी' आणि 'कधीतरी' एकत्र? आणि हिप्पोकॅम्पसला तुम्ही काय लिहिलंत, ते आधी सांगा.

पारावरचा: समुद्रघोडा. ग्रीकातही तेच आहे.

चकवाचांदण: 'अश्वमीन' म्हणा हो!