शब्दचर्चा: कंप्यूटरने ‘दगा’ दिला की ‘मुदत’ संपली?

प्रश्न (कळवा)

आम्ही मित्रमंडळी सुट्टीच्या दिवशी सिव्हिलायझेशन ६ हा राज्य उभारायचा कंप्यूटरवरचा खेळ खेळतो. नवख्यांसाठी त्याची माहिती मराठीत लिहायला घेतली आहे. लढाईचे शब्द पटापट सापडले, गाडी अडली ती कंप्यूटरच्या राजांशी चालणाऱ्या राजकारणात. फ्रेंडशिप, डिनाउन्स, डेलिगेशन, पीस डील यांना काय म्हणावं? ‘मैत्रीची अधिकृत घोषणा’ हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आणि मित्र झालेला कंप्यूटर उलटला की आमच्यात सगळे ‘दगा दिला’ म्हणतात. ‘फितूर झाला’ चालेल का?

उत्तर (नौपाडा, ठाणे)

दादा, ‘फितूर’ नको. फितूर होतो तो आपल्या पदरचा माणूस: किल्लेदार, सरदार, आतून दरवाजा उघडणारा. शेजारचं राज्य फितूर होत नाही, ते तह मोडतं. निष्ठा घसरून आपलंच शहर हातातून गेलं तर त्यालाही मी बंड म्हणेन.

‘दगा’ हा शब्दही जपून वापरा असं मला मनापासून वाटतं, कारण तो आरोप आहे. दगा म्हणायला दिलेलं वचन मुदतीच्या आत मोडावं लागतं. तुमच्या खेळात मैत्री जाहीर झाली की साधारण वेगाच्या डावात ती तीस टर्न, म्हणजे तीस पाळ्या, टिकते आणि तेवढ्या काळात दोघांपैकी कुणालाच एकमेकांवर युद्ध पुकारता येत नाही. तो राजा एकतिसाव्या टर्नला सीमेवर फौज आणून उभा राहिला, तर मुदत संपली आणि आपण नूतनीकरण केलं नाही, एवढंच. याउलट २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये कंप्यूटरचा राजा मनात वैर धरून वरवर स्नेह दाखवू शकतो, खेळाच्या आखणीतच तशी सोय आहे. तिथे ‘दगा’ आणि ‘कपट’ दोन्ही शब्द चपखल बसतात. लिहिताना कोणता खेळ ते आधी बघा, मग शब्द निवडा.

पीस डीलला ‘तह’च म्हणा. तहात कलमं असतात आणि बहुतेकदा काहीतरी हातचं सुटतं. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, तेवीस किल्ले गेले. आपल्या ठाण्याचंच बघा ना. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढच्या वर्षी सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी आणि वसई देऊ केली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी, म्हणजे ठाणंही, इंग्रजांकडेच राहिली. तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. खेळात शहर देऊन युद्ध थांबवता तेव्हा मराठीत ‘तहात शहर गेलं’ हे एकच वाक्य पुरतं.

देणंघेणं नाही, नुसतं गुण्यागोविंदाने राहणं आहे, तिथे ‘सलूख’ घ्या. जुन्या कागदांत तो भरपूर आहे आणि ‘सलोखा’ माहीत असलेल्या वाचकाला अडणार नाही. दोघांनी मिळून तिसऱ्याशी लढायचं ठरलं तर ‘युती’.

उत्तर (नेरुळ)

तह आणि सलूख मान्य. मी ‘संधी’ सुचवणार होते, कौटिल्याने सांगितलेल्या परराष्ट्रनीतीच्या सहा गुणांतला पहिला. शिवाय सिव्हिलायझेशन ६ च्या २०१८ च्या विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेल्या पुरवणीत, चंद्रगुप्त आहे, त्याच्या खासियतीचं नावच अर्थशास्त्र, आणि त्याला सीमेजवळचे शेजारी खपत नाहीत, म्हणजे लगतचा राजा तो शत्रू हा मंडलाचा विचारच. पण आज ‘संधी मिळाली’ असं वाचलं की लोकांना नोकरी आठवते, म्हणून सोडून दिलं. ‘शस्त्रसंधी’ तेवढा जिवंत आहे.

डेलिगेशनसाठी ‘वकील पाठवणे’ हा पेशवाईतला नेमका शब्द, पण आजचा वाचक त्याला कोर्टात नेऊन बसवेल. पंचवीस सोनं देऊन तुम्ही समोरच्याला खूश करता, तेव्हा ‘नजराणा’ म्हणा. पुढे कायमचं ठाणं देता ती ‘वकिलात’, हा शब्द वर्तमानपत्रांत अजून चालतो.

प्रश्नकर्ता (कळवा)

ताई, एज ऑफ एम्पायर्स २ या दुसऱ्या खेळामध्ये बाजार बांधला की दुसऱ्याला लाकूड, अन्न, सोनं पाठवता येतं, त्याला तिथे ट्रिब्यूट म्हणतात. आम्ही ‘खंडणी’ लिहिलं आहे.

उत्तर (नेरुळ)

खंडणी लादलेली असते. मांडलिकाने भरायची, ती थकली की स्वारी. आता तर खंडणी म्हटलं की पोलीस ठाण्यातला गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. मित्राचा वेढा उठावा म्हणून आपण होऊन सोनं धाडलं तर ती ‘कुमक’ किंवा ‘रसद’. धमकी आली म्हणून दिलं तर मात्र खंडणी खुशाल लिहा.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

डिनाउन्स राहिलं. ‘धिक्कार’ नको, ‘जाहीर निषेध’ बरा. त्यानंतर पाच टर्नांनी रीतसर युद्ध पुकारता येतं, म्हणजे तो युद्धाच्या निमित्ताची पायरी आहे. त्या निमित्तालाच ‘सबब’ म्हणा. ‘कुरापत’ म्हणजे विनाकारण काढलेली खोडी, ती अचानक पुकारलेल्या युद्धाला राखून ठेवा. आणि २०१९ च्या विस्तारात ग्रीव्हन्सेस आल्या, एकमेकांविरुद्ध साठणाऱ्या आणि हळूहळू विरणाऱ्या. त्यांना ‘तक्रारी’ लिहू नका. ‘गाऱ्हाणी’ लिहा.