अनुभव धागा: गेम, बैठक आणि छातीतली धडधड

घरात ऑनलाइन गेम खेळणारी टीनएजर मुलं असतील, किंवा तुम्ही स्वतःच त्या वयाचे असाल, तर इथे लिहा. गेम चांगला की वाईट हा वाद नको, त्याचा चोथा झालाय. तासन् तास बसणं आणि मनातली धाकधूक, यात प्रत्यक्ष काय बघितलंत तेवढंच सांगा.

सुरुवात मीच करते. मुलगा १५ चा. खेळताना मान पुढे, खांदे कानाला टेकलेले, एक पाय अंगाखाली दुमडलेला, त्याला मुंग्या आल्या तरी हलवणार नाही, पापणीसुद्धा क्वचित लवते. एकदा मॅच संपल्यावर सहज मनगट धरलं तर नाडी अशी उडत होती की जसा काही मैदानाला चकरा मारून आलाय! म्हणजे धडधड सगळी होते, पण ती जिरायला अंग हलतच नाही आणि मग रात्री अंथरुणात "आई, कसंतरी होतंय". डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत. त्यांनी विचारलं, दम लागेपर्यंत हा हलतो कधी? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, आमच्याकडे ६ची पण मारामार.

---

मी स्वतः खेळतो, अकरावीत आहे. मोठ्यांना एक गोष्ट कळतच नाही, ऑनलाइन मॅच पॉज होत नाही. रँक्डमधून, म्हणजे ज्या मॅचवर आपला क्रमांक ठरतो त्यातून, मध्येच उठलो तर पेनल्टी, वर टीमवाले हेडफोनमध्ये शिव्या घालतात ते वेगळंच. त्यामुळे लघवी लागली तरी दाबून बसतो, हसू नका. डेली रिवॉर्डची स्ट्रीक (रोज लॉगिन केलं की बक्षीस, त्याची सलग साखळी) तुटू नये म्हणून तापातसुद्धा लॉगिन केलंय, खेळायची इच्छा शून्य होती. टेन्शन हरण्याचं कमी आणि आपल्यामुळे सगळे हरले याचं जास्त असतं.

---

वरच्याला +१. "आत्ताच्या आत्ता बंद कर" सोडून "ही मॅच झाली की ऊठ" म्हणायला लागलो, भांडणं बरीच कमी झाली. "शेवटची, शेवटची" चालूच असतं म्हणा.

---

आमच्या भाच्याचं उलटं होतं. वर्गात तोंड उघडायचा नाही, व्हॉइस चॅटवर मात्र सगळ्या टीमला ऑर्डरी सोडायचा. घरच्यांनी फोन काढून घेतला तर घाबरणं कमी व्हायचं सोडून वाढलंच, कारण चार माणसांत बोलायची भीती आधीपासूनच होती, गेम हा त्याचा आडोसा होता. समुपदेशक बाईंनी आधी त्या भीतीवर काम केलं. घरचे "व्यसन, व्यसन" करत होते तेव्हा त्यांनी सांगितलं की आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागू पण झालंय, पण नुसते तास मोजून ते ठरत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच, आणि हे साधारण १२ महिने, असं बघतात. आमचा त्यात बसत नव्हता. बसून बसून पाठ धरली होती ती मात्र खरीच.

---

धडधडीचं म्हणताय तर एनर्जी ड्रिंक पितो का ते आधी बघा. कॅफीनने छाती धडधडते, हात थरथरतात, पोरांना वाटतं आपल्याला काहीतरी झालंय. आमच्याकडे ते बंद केल्यावर निम्मं प्रकरण निवळलं.

---

अकरावीवाला परत. पुढची मॅच मिळेपर्यंत लॉबीत थांबायला लागतं ना, तेव्हा मी आता उभा राहतो, जिना चढून-उतरून येतो. मित्र चिडवतात. पाठीला बरं वाटतं, झोपेचं अजून काही जमलेलं नाही, कोणाचं जमलं असेल तर सांगा.