मदत हवी आहे: हिरवी पडलेली शिवराई साफ कशी करायची? (रविवारच्या आत!)

कसब्यातला_गोट्या
नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा लवकर सांगावं. घरात जुनी नाणी निघाली आहेत. त्यात शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत हे नक्की, पण वर हिरवं चढलंय आणि अक्षरं धड लागत नाहीत. चिंच-मीठ लावून थोडं निघालं, आता पुढे हलत नाही. एक लहान पिवळं नाणंही आहे, त्यावरही 'श्री राजा शिव' आहे. होन (सोन्याचं नाणं) असावा का? रविवारी एक गृहस्थ बघायला येणार आहेत, त्याआधी नाणी जरा बघण्यासारखी व्हायला हवीत. कुठलं केमिकल आणू तेवढं सांगा. 'आधी शोधून बघा' म्हणू नका, शोधूनच इथे आलोय.

भिंगवाले_काका
अहो थांबा! चिंच खाली ठेवा. किती नाण्यांना लावलीत? एकूण नाणी किती? प्रत्येकाचं वजन? फोटो? दोन्ही बाजूंचे आणि कडेचा. केमिकलचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

सोवळ्यातली_सुगरण
चिंचेने नाहीच निघत हो. लिंबाची साल आणि बारीक रांगोळी घ्या. आमचं पंचपात्र आणि ताम्हन दर एकादशीला असं लख्ख होतं की तोंड दिसतं. नाण्याला पाच मिनिटं पुरे.

भिंगवाले_काका
ताई, ताम्हनावर अक्षरं नसतात, आणि असली तरी ती तीनशे वर्षांपूर्वीची नसतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिने हिरवं जाईल आणि त्याच्याबरोबर वेलांटीही जाईल. शिवराईवर जो घट्ट काळपट-तपकिरी किंवा गडद हिरवा थर असतो त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. तो मळ नव्हे, तांब्याची कातडी आहे. ती एकदा सोलली की परत येत नाही, आणि घासून गुलाबी झालेलं नाणं कुठलाही संग्राहक दुरून ओळखतो.

सोवळ्यातली_सुगरण
बरं बाई. मी आपली चांगल्या मनाने सांगायला आले.

नशीबवान_७८६
मंडळी, माझ्याकडे ७८६ नंबरची शंभराची नोट आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. व्हिडिओत दहा लाख सांगतात. कुणी घेणारा आहे का? व्यक्तिगत निरोप पाठवा.

पर्वतीचा_वारा
@७८६, पाच रुपयांच्या नाण्याची किंमत पाच रुपये. कुणी 'आधी नोंदणी फी भरा' म्हणालं तर फोन ठेवून द्या. आणि कृपया नवीन धागा काढा.

कसब्यातला_गोट्या
चौदा नाणी. चिंच तिघांना लावली. घरात किराणा तोलायचा काटा आहे, त्यावर नाणं ठेवलं तर शून्यच येतं. फोटो टाकतोय.
(फोटो: चौदा नाणी वर्तमानपत्रावर, सगळी 'श्री राजा शिव' बाजू वर करून)

भिंगवाले_काका
मागची बाजू? कड? आणि सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा आणा, हल्ली स्वस्त मिळतो.

आम्ल_आणि_अल्कली
रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून लिहितो. आधी हिरवा कुठला ते पाहा. गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर बहुतेक कार्बोनेटचा असतो. त्याच्यापासून नाण्याला धोका नाही, राहू द्या. पण फिकट हिरवी, खडूसारखी पूड ठिपक्याठिपक्यांनी वर येत असेल आणि लाकडी काडीने टोचल्यावर भुरभुर सुटत असेल, तर तो रोग आहे. इंग्रजीत त्याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात, नाणं निव्वळ तांब्याचं असलं तरी. तांब्यात अडकलेलं क्लोराईड हवेतल्या ओलाव्याने जागं होतं, त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. तुमच्या चिंच-मिठातल्या मिठाने नेमकं क्लोराईडच घातलंय.

ती तीन नाणी आधी डिस्टिल्ड पाण्यात टाका (बॅटरीत घालतात ते) आणि पाणी रोज बदला. रोग दिसलाच तर धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा मिळून पाच टक्क्यांचं द्रावण, तेही डिस्टिल्ड पाण्यात, आठवड्याला बदलत काही महिने. कधीकधी यात पॅटिनाचा रंगही बदलतो, म्हणून निरोगी नाण्यांना हे करू नये. रविवार विसरा.

कसब्यातला_गोट्या
काही महिने???

बाभळीचा_काटा
सोडा वगैरे राहू द्या. मी पंधरा वर्षं ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवतो. माती मऊ झाली की बाभळीच्या काट्याने, भिंगाखाली, एका बैठकीला एक अक्षर. वेळ लागतो पण नाणं जिवंत राहतं.

आम्ल_आणि_अल्कली
तेलातही मंद आम्ल असतं आणि ते खाचांत बसून राहतं, नंतर अॅसिटोनने काढावं लागतं. आणि रोगावर तेलाचा काही उपयोग नाही.

बाभळीचा_काटा
माझ्या एकाही नाण्याला रोग झालेला नाही.

आम्ल_आणि_अल्कली
ती तेलाने वाचली की मुळात ठणठणीत होती, हे कसं ठरवलंत?

पेठेतला_संशयात्मा
फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या रांगेतलं पहिलं नाणं: 'शिव' नाही, 'सीव' दिसतंय. महाराजांच्या टांकसाळीत असली चूक होणार नाही. सरळ नकली.

भिंगवाले_काका
असं नसतं. शीव, सिव, सीव, छत्रपति, छत्रपती, सगळं मिळतं. १६७४च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पेशवाई संपून कंपनी सरकार आल्यावरही बाजारात फिरत होतं. किती टांकसाळी आणि किती ठसे कोरणारे झाले असतील! उलट नकली पाडणारा पुस्तकातला फोटो बघून पाडतो, त्याचं शुद्धलेखन बरं असतं.

पेठेतला_संशयात्मा
मग काही नाण्यांवर 'श्री' अर्धाच का? 'राजा'चा काना बाहेर गेलाय.

भिंगवाले_काका
कारण ती हातोड्याने पाडलेली आहेत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तांब्याचा तुकडा, वरचा ठसा हातात धरून एक घाव. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यात मावतच नाहीत. घाव तिरका बसला की एक बाजू ठळक, दुसरी पुसट. धातू बाहेर पसरताना कडेला बारीक चिरा पडतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला त्या चिरा नसतात. तिथे बुडबुड्यांची भोकं, अक्षरांची मेणासारखी गोलाई आणि कडेवर कानस फिरवून लपवलेला जोड मिळतो. म्हणून पहिल्यापासून कडेचा फोटो मागतोय.

पेठेतला_संशयात्मा
पटलं. तरी 'सीव' बघून पोटात ढवळतं.

कज्जेदलाल
मी वेगळंच विचारतो. "घरात निघाली" म्हणजे कुठून निघाली?

कसब्यातला_गोट्या
वाडा पाडायला काढलाय. माजघराच्या भिंतीत कोनाड्यामागे मडकं होतं. त्याचा इथे काय संबंध?

कज्जेदलाल
आहे संबंध. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय, कुठे, कधी सापडलं ते. भिंत त्यात येते.

पर्वतीचा_वारा
चौदा तांब्याच्या नाण्यांसाठी जिल्हाधिकारी? (हलके घ्या.)

कज्जेदलाल
दहा रुपये ही रक्कम १८७८ची आहे, बदललेली नाही. आणि कळवलं म्हणजे सगळं जप्त, असं नाही. निधी बेवारस ठरला आणि सरकारने घेतला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश मिळतो, आपसात वेगळं ठरलं नसेल तर. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने ठेवलंय असा दावाही करता येतो. लपवलं तर मात्र वाटा जातो, वर शिक्षा. रविवारच्या गृहस्थांना तूर्त चहा पाजून परत पाठवा.

कसब्यातला_गोट्या
मी फक्त साफ कशी करायची एवढंच विचारलं होतं.

भिंगवाले_काका
काटा आणलात का?

कसब्यातला_गोट्या
आणला. (दीड दिवसाने उत्तर देतोय, बिल्डरच्या माणसांबरोबर होतो.) तांब्याची नाणी ९.३ ते ११.८ ग्रॅम. पिवळं २.९. शिवराई होन पावणेतीनच्या आसपास असतो असं वाचलं, म्हणजे जमतंय ना?

आम्ल_आणि_अल्कली
नुसत्या वजनाने काही सिद्ध होत नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला-भिंतीला टेकणार नाही असं धरा. काट्यावर येईल तो आकडा लिहा. कोरडं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. तांबं ८.९ च्या जवळ, चांदी साडेदहा, शुद्ध सोनं १९.३.

कसब्यातला_गोट्या
पिवळ्याचा आकडा ०.३४.

आम्ल_आणि_अल्कली
साडेआठ. पितळ. सोनं असतं तर आकडा ०.१५ च्या आसपास आला असता.

पेठेतला_संशयात्मा
सोन्यात तांबं मिसळलेलं असेल तर?

आम्ल_आणि_अल्कली
कितीही मिसळा, घनता तांब्याच्या खाली येणार नाही. ही खाली आहे.

कसब्यातला_गोट्या
आत्याच्या देवघरातलं होतं ते. तिला आता कसं सांगू?

सोवळ्यातली_सुगरण
सांगू नका. देवघरात परत ठेवा. देवाला पितळ चालतं.

भिंगवाले_काका
देवघरातलं? भिंतीतलं नाही? आणि हे विचारायचंच होतं: पहिल्या रांगेतलं तिसरं आणि तिसऱ्या रांगेतलं चौथं पाहा. दोघांत 'जा'च्या डोक्यावर तीच तिरकी खाच, कडेला तोच चुकलेला कोपरा. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण घाव दोन्हीवर तसाच वाकडा बसून तुकडाही तसाच चिरणार नाही. एका अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली दिसतात.

कसब्यातला_गोट्या
म्हणजे पणजोबांनी भिंतीत नकली नाणी ठेवली?

भिंगवाले_काका
ही दोन नक्की मडक्यातलीच आहेत का?

कसब्यातला_गोट्या
…नाही. ती बुधवारी जुन्या बाजारातून घेतली. साडेतीनशेला दोन. म्हटलं संच जरा भरलेला दिसेल.

पर्वतीचा_वारा
😂😂😂

बाभळीचा_काटा
जुन्या बाजाराला नावं ठेवू नका हं. माझी दुदांडी शिवराई तिथलीच, मागे दोन आडव्या दांड्या स्वच्छ दिसतात. पूर्वी रविवारी सकाळी सहाला गेलं की

पर्वतीचा_वारा
काका, अवांतर.

कज्जेदलाल
म्हणजे भिंतीतली अकरा. अर्जात अकराच लिहा, चौदा नको.

भिंगवाले_काका
आणि तुम्ही चिंच लावलीत ती तीन?

कसब्यातला_गोट्या
ती मडक्यातलीच. सगळ्यात चांगली अक्षरं होती म्हणून आधी तीच घेतली.

भिंगवाले_काका
🤦
बरं. झालं ते झालं. ती तीन डिस्टिल्ड पाण्यात राहू द्या, बाकी आठांना हात लावू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका, त्यातून आम्ल सुटतं आणि हिरवा चिकट थर येतो. कागदी चौकटीत, सिलिका जेलची पुडी घालून, कोरड्या डब्यात ठेवा. मडक्याचे तुकडेही जपा. अर्ज दिल्यावर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जाणकारांना दाखवा. साफ न करता.

कसब्यातला_गोट्या
ठीक. गृहस्थांना नको म्हणून कळवलं. ते म्हणाले, "मग मडक्यासकट घेतो, आजच येतो." तेव्हा जरा घाबरलो. उद्या कचेरीत जातोय, बाबांना घेऊन.
आणि हो, काका, कडेचा फोटो राहिला होता.
(फोटो)

भिंगवाले_काका
ही परत 'श्री राजा शिव' बाजू आहे.