चौदा महिन्यांच्या लेकीला जुलाब: ओआरएस नेमकं किती, कसं द्यायचं?

जुळेसोलापूर_आई

मुलगी १४ महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. काल दुपारपासून सहा-सात वेळा पाण्यासारखी शी झाली, दोनदा उलटी. ताप नाही, शीमध्ये रक्त नाही. अंगावर पिते, वरचं दूधही घेते. शेवटची शू तीन तासांपूर्वी.

मेडिकलमधून ओआरएसची मोठी पुडी, फळाच्या चवीचा एक तयार खोका आणि झिंकचं सिरप आणलंय. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली तर चालेल का? वाटीभर पाजलं की ओकते, मग द्यायचं तरी कसं? घरातली मोठी माणसं म्हणतात की दात येतायत म्हणून होतंय, दूध बंद करा, जायफळ उगाळून द्या. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, बॅरलमध्ये साठवतो. त्याचाही संबंध असेल का?

चमचावाटी

ताई, आधी पुडीचं बघा. ती अर्धी करू नका. तिच्यात मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असं चार गोष्टींचं मोजून केलेलं मिश्रण असतं. डोळ्यांच्या अंदाजाने केलेला अर्धा भाग खरंच अर्धा आहे का, आणि त्यात मीठ किती आलं, हे कळायला मार्ग नाही. एक लिटर करा, लागेल तेवढं पाजा, उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये भांडं ओट्यावर उघडं ठेवू नका. झाकून गार जागी नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, ती एक लिटरसाठी. छोटी साधारण ४ ग्रॅमची, ती २०० मिलीसाठी. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि घाईत मोठी पुडी एका पेल्यात ओतली जाते. ही चूक फार महागात पडते. रक्तात मीठ वाढतं, मूल चिडचिडं होतं, तहान भागत नाही, झटकेही येऊ शकतात. उलट पाणी जास्त झालं तर गेलेलं मीठ भरून निघत नाही. म्हणून तांब्या, पेला, लोटा हे माप धरू नका, घरोघरी ते वेगळं असतं. ज्या पाण्याच्या बाटलीवर १ लिटर छापलंय ती स्वच्छ धुऊन घ्या आणि तिने मोजा. पाणी आधी उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग भुकटी घाला. घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. वर साखर, मीठ, लिंबू, दूध, ज्यूस काहीही मिसळायचं नाही.

हे माप इतकं का सांभाळायचं? जुलाबातही आतड्याची एक वाट चालू राहते. तिथून ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. ही जोडी ठरलेल्या प्रमाणातच चालते. साखर जास्त झाली की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि शी अजून पातळ होते. तुमच्या त्या फळाच्या चवीच्या खोक्याबद्दल शंका आहे ती याचमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. वेष्टनावर ते सूत्र लिहिलेलं नसेल तर खोका बाजूला ठेवा. कोल्ड्रिंक, ग्लुकोजची पावडर, बाटलीतला ज्यूस यांनाही हेच लागू.

आता पाजायचं कसं. वाटीभर एकदम दिलं की पोट ताणतं आणि सगळं बाहेर येतं. बोंडलं नको, त्यातून धार जोरात जाते. वाटी-चमचा घ्या. ५ मिलीचा एक चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. कंटाळवाणं आहे, पण हिशोब करून बघा: दोन मिनिटांनी एक चमचा म्हटलं तरी तासाला १५० मिली पोटात जातं. ओकली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं पुन्हा सुरू करा. उलटी झाली म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं, बरंचसं आत राहिलेलं असतं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. मागितलं तर अजून द्या.

मऊभात

दूध बंद करू नका, ताई. अंगावरचं तर मुळीच नाही, उलट जास्त वेळा पाजा. वरचं दूध नेहमीसारखंच द्या, पाणी घालून पातळ करू नका. उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, वजन मात्र उतरतं आणि आतड्याची झीज भरायला उशीर होतो. मऊ भात आणि मुगाचं वरण वर चमचाभर तूप घालून, ताकभात, मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज चिमूटभर मीठ घालून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस आपल्याच ताटात राहू द्या. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं द्या.

शहाळ्याचं पाणी चालतं, पण त्यात सोडियम कमी असतं. ते ओआरएसच्या जागी नाही, जोडीला.

जायफळ नको. त्याने मूल सुस्तावतं आणि शी कमी झाल्यासारखी वाटते, पण पाणी आतड्यात साठतच राहतं. शिवाय ही सुस्ती औषधाची की अंगातलं पाणी गेल्याची, हे तुम्हालाच ओळखता येणार नाही. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्यांचंही तेच. लहान मुलात त्यांनी आतड्याची हालचाल बंद पडते, पोट फुगतं. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही, कारण पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे होतात आणि त्यावर ते चालत नाही.

दातांचं म्हणाल तर, दात येताना मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि जंतू तिथून पोटात जातात. दात आणि जुलाब एकाच काळात येतात ते असे. घरात हे सांगून बघा, पटतं.

झिंक_चौदा

झिंकबद्दल थोडक्यात. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ एकदा, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ. एकूण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाच. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्याने कमी होते, आणि नेमके हेच दिवस लोक सोडून देतात.

बाटलीवर बघा: काही सिरपमध्ये ५ मिलीत १० मिग्रॅ असतं, काहींत २०. त्यावरून एक चमचा की दोन ते ठरवा. गोळी असेल तर चमचाभर पाण्यात किंवा काढलेल्या आईच्या दुधात विरघळवून द्या. चव धातूसारखी लागते, म्हणून उपाशीपोटी नको. अर्ध्या तासाच्या आत ओकली तर तेवढाच डोस पुन्हा.

ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

लक्ष्मीपेठेतून

पाण्याचा संबंध दाट आहे. उजनी धरणाचं पाणी शुद्ध करूनच येतं, पण नळ चार दिवस बंद असला की पाइपातला दाब जातो आणि जिथे गळती आहे तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळ आल्याबरोबर ते पहिल्यांदा तुमच्या घरात येतं. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ किंवा वासाचं पाणी आलं तर ते वापराच्या बादल्यांत घ्या, पिण्याचं नंतर भरा.

पिण्याचं भांडं वेगळं ठेवा. झाकणाचं, खाली तोटी असलेलं असेल तर उत्तम. बॅरलमध्ये तांब्या बुडवला की बोटं बुडतात, सगळा खेळ तिथेच बिघडतो. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खुंटीला टांगा, झाकणावर उताणं पडू देऊ नका. पाणी चांगलं खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरतं. उकळलेल्या भांड्यातच झाकून गार करा, न घासलेल्या माठात ओतलं तर उकळणं फुकट गेलं. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासा आणि उन्हात कोरडं होऊ द्या. डेंगीच्या डासांची अंडीही त्याने जातात.

दुधाची बाटली वापरत असाल तर बंद करा. तिच्या बुचातल्या भेगा कितीही घासल्या तरी साफ होत नाहीत. आणि शी धुतल्यावर साबणाने हात, दर वेळी. घरात पाणी मोजून वापरायचं असलं तरी ह्यात कपात नको.

जुळेसोलापूर_आई

खूप आभार सगळ्यांचे. एक लिटर करून चमच्याने सुरू केलंय, तासाभरात उलटी नाही. पण रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

चमचावाटी

शू बघा. सहा तासांत झाली नाही किंवा गडद पिवळी थोडीशीच झाली तर निघा. रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, ही पुढची चिन्हं. टाळू अजून भरलेली नसेल तर बोट फिरवून बघा. आत गेलेली लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. तिथे तेल भरून ती वर येत नाही, पाणी पाजूनच येते.

पोटाची कातडी बघायची ती अशी: बेंबी आणि कुशीच्या मधे, अंगठा आणि पहिल्या बोटाने कातडी उभ्या रेषेत उचला, एक सेकंद धरा, सोडा. लगेच बसली तर ठीक. हळू बसली तर दवाखाना. दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर एक मिनिट थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल गाठा, वाटेत चमचा चालू ठेवा.

शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, जोराचा ताप, थांबून थांबून कळवळून रडणं, उठवून न उठणं किंवा चमचाही न घेणं, यात शू-बिशू काही बघत बसायचं नाही, लगेच निघायचं. घटाघटा आधाशासारखी पीत असेल तर तेही बरं लक्षण समजू नका, पाणी बरंच गेलेलं आहे. मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टर.

रात्री एकदा झोपेतही चमच्याने पाजा, पण डोकं उचलून मांडीवर घेऊन आणि ती गिळतेय हे बघून. लंगोट बांधलात तर शू आणि पातळ शी वेगळी कळत नाही, म्हणून आजची रात्र खाली जुनं धोतर घालून तशीच निजवा. आणि वहीत दोन रकाने आखून ठेवा, शू किती वाजता, ओआरएस किती मिली. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.