झाडं लावणं आणि जगवणं : कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

करवीरचा माळी
काल संध्याकाळी वळीव झाला. टेंबलाईच्या टेकडीच्या बाजूनं मातीचा वास आला आणि आजवरच्या सगळ्या लागवडी डोळ्यापुढं आल्या, जगलेल्या आणि जळालेल्याही. आता तालमी, मंडळं, कॉलेजच्या एनएसएसची पोरं, सोसायट्या, सगळीकडं ‘यंदा झाडं लावूया’ सुरू होईल. ज्यांनी ही कामं उभी केलीत त्यांनी इथं नेमकं लिहा. खड्डा, रोप, माणसं, पाणी, काय बिघडतं, का बिघडतं. मापं द्या.

सुरुवात मी करतो. रोपं किती आणायची ते टँकर ठरवतो. पाच हजार लिटरचा टँकर, रोपाला एका वेळी पंधरा लिटर, सांडलवंड धरून तीनशे रोपं. मुरमाड माळावर पहिल्या उन्हाळ्यात फेब्रुवारी ते मे दर आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी लागते. म्हणजे बारा-तेरा खेपा. एवढ्या खेपांचे पैसे आणि नळी धरणारा माणूस जूनमध्येच ठरला नसेल तर तीनशेची शंभर करा. शंभर जगतील.

मुरूमवाला
खड्डे आत्ताच काढा. पाऊस लागल्यावर खणायला घेतलं की पोरं दमतात आणि खड्डा वीतभरच होतोय. मुरमात दोन बाय दोन बाय दोन फूट, काळ्या रानात तिन्ही मापं दीड फूट बास. फरक किरकोळ वाटतो पण एक सुमारे साडेतीन घनफूट आणि दुसरा आठ. मजुरी त्या हिशेबानं धरा.

वरची माती एका अंगाला, खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. मुरूम खड्ड्यात परत घालायचा नाही, उताराच्या खालच्या बाजूनं अर्धगोल बांध घालायचा, पाणी तिथंच मुरतंय. आणि शेणखत कच्चं नको. वाळवी येते, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, ऊसवाल्यांना सांगायला नको.

उपनगरातला
मशीननं खड्डे चालतील का? आमच्या मंडळात पहार धरणारी पोरं चारच.

मुरूमवाला
चालतील की भावा. फक्त काळ्या मातीत ओल असताना मशीन लावू नको. भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं आतच गोल फिरतात, पावसात पाणी तुंबून रोप कुजतं. पहारेनं चारी बाजू खरवडून घे. काळ्या रानात रोप थोडं उंचवट्यावरच लाव.

टेंबलाईवाली
सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पिशवी काढताना. लक्ष तिथं ठेवा.

आदल्या संध्याकाळी रोपांना पाणी द्या, गड्डा (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) घट्ट राहतो. उचलताना खोडाला धरायचं नाही, पिशवीला खालून हात द्यायचा. ब्लेडनं बाजूनं उभा काप, पिशवी सोलून काढायची. बुडाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर खालचं बोटभर सरळ कापून टाका. जीव खालीवर होतो, पण वेटोळं तसंच राहिलं तर तीन-चार वर्षांनी झाड मोठ्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. गड्डा फुटला तर केसासारखी पांढरी मुळं तुटतात, आणि पाणी ओढतात ती तीच.

गड्ड्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीला. खोड मातीत गाडलं की साल कुजते. शेवटी पायानं कडेकडेनं दाबा, पोकळी राहू देऊ नका.

रिकाम्या पिशव्या मोजून घ्या. जेवढी रोपं तेवढ्या पिशव्या. कमी भरल्या तर कुणीतरी पिशवीसकट लावलंय, त्याच दिवशी शोधा.

कागलकर
वळीव तुमच्याकडंच झाला व्हय? इकडं नुसता वारा. आंबे पडले सगळे.

रंकाळ्याकाठी
@टेंबलाईवाली पिशव्या मोजायचं लई भारी ताई. आमच्या यादीत घातलं.

आधाराची काठी: गड्ड्यात खुपसू नका, वीतभर लांब रोवा. काथ्या किंवा सुती चिंधी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल. तार नको. खोड जाड झालं की तार सालीत रुतते आणि वरचं झाड वाळतं. लोखंडी जाळीचंही तेच, खोड जाळीला टेकायच्या आत काढायची. बसवायला सगळे येतात, काढायची जबाबदारी नाव लिहून द्या.

कॉलेजवाली
माणसांचं गणित: खड्डे तयार असतील तर नवख्या दोघांची जोडी दोन तासांत आठ-दहा रोपं नीट लावते. वीस-पंचवीस जणांमागं एक जाणता, तो पहिलं रोप सगळ्यांसमोर लावून दाखवणार. ब्लेड जाणत्याकडंच. भाषणं, सत्कार, फोटो लागवड झाल्यावर, नाहीतर रोपं उन्हात ताटकळतात. पाणी प्यायला स्टीलचे ग्लास.

उपनगरातला
आणि मिसळ?

कॉलेजवाली
मिसळ शेवटी. आधी दिली की निम्मी पोरं पांगतात 😀

पंचगंगाकाठ
नदीकाठाचं वेगळं आहे. 2019 आणि 2021 चा पूर बघितलाय आपण. निळ्या पूररेषेच्या (सरकारी नकाशावरची पुराच्या पाण्याची हद्द) आत जुलैत लावलेलं कोवळं रोप गाळाखाली जातं. तिथं पूर ओसरल्यावर सप्टेंबरात लावा, मग पुढचा पूर यायच्या आत मुळं धरायला दहा महिने मिळतात. वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. ही झाडं चार दिवस पाण्यात उभी राहू शकतात. करंजाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, हा आणखी फायदा.

सडाप्रेमी
एक कळकळीची विनंती. मसाई पठारासारख्या सड्यांवर झाडं लावू नका. जांभ्या दगडावर वीतभर माती, तिथं पावसाळ्यात फुलणारी रानफुलं आणि गवत हीच तिथली वनस्पती. खड्डे काढले की ती जातात आणि झाडही जगत नाही. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा ओसाड नसते.

गिरिपुष्प आणि सुबाभूळही नको. पटकन हिरवं दिसतं, मग खाली दुसरं काही येत नाही.

नवीनच
बीजगोळे (मातीच्या गोळ्यात बी) टाकले तर?

सडाप्रेमी
फार थोडे जगतात. वर पडलेला गोळा उघडीप मिळाली की वाळतो. त्यापेक्षा टोकणी करा, म्हणजे बी थेट मातीत टोचून लावा. जांभूळ आणि कडुलिंबाचं बी ताजं पाहिजे, दोन-तीन आठवड्यांत उगवण झपाट्यानं घटते. बहाव्याचं कवच टणक, काचकागदावर घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. वड तर फांदीनं होतो. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी पाऊस लागताना दीड फूट खोल रोवा.

हळदीकर
परवानगीचं कुणी लिहिलं नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, आणि सातबारा स्वतः बघा. शहरात महापालिकेच्या उद्यान विभागाचं पत्र. पाण्याची लाईन, ड्रेनेज, केबल कुठून जाते ते विचारून घ्या, वर तारा असतील तर वड-पिंपळ नको, बहावा किंवा आपटा लावा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून, मागणी आधी नोंदवा. वनमहोत्सवाच्या आठवड्यात ऐनवेळी गेला तर उरलेली मिळतात.

कागलकर
रोपाच्या बुडाशी अंथरायला उसाचं पाचट (वाळलेला पाला) पाहिजे तर सांगा. पण जूनमध्ये नाही, तोडी सुरू झाल्या की नोव्हेंबरात. आच्छादन तेव्हाच लागतंय. चार बोटं जाड, खोडापासून वीतभर लांब.

मुरूमवाला
अण्णा, डोंगरावर पाचट नको. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, पाचट म्हणजे रोपाच्या बुडाशी सरपण. तिथं आळ्यात दगड मांडा, ओल टिकते. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की रोपाभोवती तीन फूट कापून घ्या आणि प्लॉटच्या कडेनं दहा फुटांचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेली मोकळी पट्टी. कापलेलं गवत जागेवर टाकू नका, गवळ्यांना द्या. ते नेतात आणि राखणही करतात.

कागलकर
बरोबर. मग सोसायट्यांना देतो. ट्रॉली तुमची, भरणी आमची.

उपनगरातला
आम्हाला एक ट्रॉली. रोपं साठच ठरली, टँकरवाल्याशी बोलून.