रेड रॉबिनची घसरण नेमकी कशामुळे झाली?

देवदार:
नमस्कार. आम्ही 2004 साली डेन्व्हरजवळ राहायला आलो, तेव्हा मुलांचा वाढदिवस म्हटला की रेड रॉबिन या बर्गर उपाहारगृहांच्या अमेरिकी साखळीत जाणे ठरलेलेच असे. सगळे कर्मचारी टाळ्या वाजवत टेबलाभोवती जमत, आइस्क्रीम फुकट मिळे आणि बटाट्याचे जाडजूड फ्राइज संपले की हवे तितके पुन्हा आणून दिले जात. आमच्या शाकाहारी घराची आणखी एक सोय अशी होती की मांसाच्या जागी शाकाहारी पॅटी मागितली, तर वेटरला लांबलचक खुलासा करावा लागत नसे.

ही कंपनी 2002 साली शेअर बाजारात आली आणि 2015 मध्ये तिच्या शेअरचा भाव 90 डॉलरच्या आसपास पोहोचला होता. दहा वर्षांनी तो एक आकडी झाला. 2025 च्या सुरुवातीला कंपनीने सुमारे 70 उपाहारगृहे टप्प्याटप्प्याने बंद होऊ शकतील, असेही जाहीर केले. अमेरिकेत बर्गर खाणारे तर कमी झालेले नाहीत. मग याच साखळीचे असे का व्हावे?

जमाखर्च:
माझा पेशा हिशेबाचा असल्यामुळे मी ताळेबंदाच्या बाजूने सांगतो. सिअ‍ॅटलमधल्या एका जुन्या मद्यगृहाचे 1969 साली जेरी किंगन यांनी रेड रॉबिन केले आणि पुढे त्यात बर्गरांची लांबलचक यादी आणली. 1979 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा येथे माइक स्नायडर यांनी फ्रँचायझी घेतली, पुढे तेच कंपनीचे प्रमुख झाले आणि विस्ताराचा मोठा काळ त्यांचाच. त्यांनी केलेल्या खर्चाच्या चौकशीनंतर 2005 मध्ये ते बाहेर पडले. त्यानंतरही दहा वर्षे धंदा बरा चालला, त्यामुळे घसरणीचे मूळ तिथे शोधण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरे वळण 2018 च्या जानेवारीत आले. अनेक राज्यांत किमान वेतन वाढत होते, म्हणून कंपनीने सर्व, म्हणजे जवळपास 570 उपाहारगृहांतून, टेबले आवरणारे कर्मचारी काढून टाकले आणि त्यातून वर्षाला सुमारे 80 लाख डॉलर वाचतील असे सांगितले. स्वयंपाकघरातून आलेल्या ताटल्या तपासून बाहेर पाठवणारा माणूस त्याआधीच्या वर्षी काढलेला होता. आता 80 लाखांना 570 ने भागून पाहा: एका उपाहारगृहामागे वर्षाला 14 हजार डॉलर, दिवसाला साधारण 38 डॉलर. दोन-तीन गिऱ्हाइके जेवून जेवढे बिल देतात, तेवढे. म्हणजे खरकटे टेबल पाहून रोज एक कुटुंब दारातूनच परत फिरले, तरी सगळी बचत पाण्यात. त्यानंतर जुन्या शाखांची विक्री घटत गेली आणि हा निर्णय घेणाऱ्या मुख्याधिकारी डेनी मेरी पोस्ट 2019 च्या वसंतात पायउतार झाल्या.

तांब्याभांडे:
वरचा हिशेब वाचून राहवले नाही. वडिलांचे सांगलीत छोटे हॉटेल होते आणि त्यांचा एकच दंडक होता: गिऱ्हाईक बसण्याआधी टेबलावर फडके फिरलेले असले पाहिजे. फडके मारणाऱ्या पोऱ्याचा पगार सर्वांत कमी, पण तो एक दिवस आला नाही तर गल्ल्यावर फरक दिसतो, असे ते म्हणत.

मी इथे विद्यार्थी असताना दुसऱ्याच एका साखळीत (नाव लिहीत नाही) वेटरचे काम केले, आणि तिथेही टेबले आवरणाऱ्यांची अशीच छाटणी झाली. शुक्रवारी रात्री आठ वाजता चित्र असे असे की, दारात पंधरा-वीस माणसे हातात पाळी आली की थरथरणारे पेजर घेऊन उभी, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सात-आठ टेबले रिकामी, पण त्यांवर केचपने माखलेल्या ताटल्या, अर्धवट प्यालेली लिंबू सरबते आणि मुलांनी चुरगाळलेले कागदी रुमाल. माझ्याकडे पाच टेबले असत. एखादे आवरायला घेतले की दुसऱ्याचे बिल रखडे, बिल रखडले की टिप घटे, आणि टिपवरच आमची खरी कमाई असल्यामुळे हाताला चटपटीत असलेली मुले आधी नोकरी सोडून जात. जिथे फ्राइज पुन्हा-पुन्हा आणून देण्याचे वचन आहे, तिथे तर वेटरला मोकळा हात हवाच. फेरी मारायला माणूस नसेल, तर ‘हवे तितके’ हे शब्द मेनूकार्डावरच राहतात.

पूर्वकिनारा:
दोघांचेही पटते, पण सगळे खापर फडक्यावर फोडू नये. रेड रॉबिनच्या अनेक शाखा मॉलमध्ये किंवा मॉलला लागून होत्या, आणि खरेदीला माणसेच येईनाशी झाली तर बर्गरला कोठून येणार? दुसरे असे की, वरून फाइव्ह गाइज आणि शेक शॅक या साखळ्यांनी चांगला बर्गर टेबलसेवेशिवाय विकायला सुरुवात केली, तर खालून स्वस्त फास्ट फूड होतेच. मधल्या जागेत उभे राहायचे, तर टेबलाशी मिळणारी सेवा हेच भांडवल उरते.

तरीही ही मधली जागा मुळातच नष्ट झाली, असे मात्र मला वाटत नाही. चिलीज या साखळीकडे पाहा. 2022 मध्ये केविन हॉकमन प्रमुख म्हणून आल्यावर त्यांनी मेनू छाटला, टेबले आवरणारी माणसे परत आणली आणि 2024 मध्ये 10.99 डॉलरमध्ये पेय, सुरुवातीचा पदार्थ आणि मोठा बर्गर देऊ केला. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत त्यांच्या जुन्या शाखांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 31 टक्क्यांनी वाढली. गिऱ्हाईक तेच आणि पगारवाढही तीच!

देवदार:
सर्वांचे आभार. 38 डॉलरचा आकडा डोक्यातून जात नाही. पण ही चूक त्यांनी नंतर दुरुस्त केली असे वाचले होते. मग प्रकृती का सुधारली नाही?

जमाखर्च:
दुरुस्ती झाली, पण उशिरा आणि उसन्या बळावर. 2022 मध्ये जी. जे. हार्ट मुख्याधिकारी झाले आणि त्यांनी काढलेली माणसे पुन्हा नेमली. सरकत्या पट्ट्यावर बर्गर भाजणारी यंत्रे काढून सपाट तवे बसवले, ज्यामुळे पॅटीला बाहेरून खरपूस थर येतो आणि आतला रस टिकतो. शाखा चालवणाऱ्यांना नफ्यात वाटाही देऊ केला. पदार्थ सुधारला, यात शंका नाही. पण तोपर्यंत कर्जाचे ओझे एवढे झाले होते की, 2023 मध्ये कंपनीने स्वतःच्या मालकीच्या काही जागा विकून त्याच भाड्याने परत घेतल्या. रोख हाती आली, पण त्या शाखांच्या मानेवर भाडे बसले ते बसलेच. 2024 मध्ये तोटा सुमारे 7.7 कोटी डॉलर होता.

2025 च्या मे महिन्यासाठी त्यांनी 20 डॉलरचा पास काढला होता, त्यात महिनाभर रोज एक बर्गर आणि सोबत फ्राइज. पास हातोहात संपले. म्हणजे लोकांना नाव अजून आठवते; पूर्ण किंमत मोजून ते दुसऱ्यांदा येतात का, हे जून-जुलैच्या विक्रीत पाहावे लागते.